एकोणतिसाव्या वर्षी थांबलेला हिदेतोशी नाकाता: टिकून राहिलेल्या लोकप्रियतेचा प्रकरण अभ्यास

हिदेतोशी नाकाताने 3 जुलै 2006 रोजी फुटबॉल सोडला. वय वर्षं 29. गुडघा कामातून गेला नव्हता, राष्ट्रीय संघातली जागा गेली नव्हती, क्लबांनी पाठ फिरवली होती असंही नाही. आपल्या संकेतस्थळावर त्याने एक लांब पत्र टाकलं आणि विषय संपवला. पत्रकार परिषद नाही, निरोपाचा सामना नाही. त्यानंतर तो कुठल्याही संघाचा प्रशिक्षक झाला नाही, समालोचकाच्या खोलीत मुक्काम ठोकला नाही, महासंघाच्या खुर्चीसाठी धावला नाही. तरीही जपानी फुटबॉलचा विषय निघाला की त्याचं नाव पहिल्या दोन-तीन नावांत येतं, आणि ज्यांनी त्याला खेळताना कधी पाहिलंच नाही असे जपानी तरुणही त्याला ओळखतात.

हे कसं घडलं, हा या अभ्यासाचा प्रश्न. आपल्याकडे निवृत्त खेळाडूचा मार्ग ठरलेला असतो. बॅट खाली ठेवली की माइक हातात घ्यायचा, मग जाहिराती, मग एखाद्या कार्यक्रमातलं परीक्षकपद, मग जमलं तर निवडणूक. चेहरा रोज दिसत राहिला तर नाव टिकतं, हा त्यामागचा हिशेब. नाकाताच्या बाबतीत तो लागू पडत नाही. माझं म्हणणं असं की त्याच्या लोकप्रियतेचा पाया 2006 नंतर घातला गेलाच नाही. तो 1998 सालीच घातला गेला होता. लोकांशी बोलायचं तर आपल्या शब्दांत आणि आपल्याला सांगायचं असेल तेव्हाच, हे त्याने एकविसाव्या वर्षी ठरवलं आणि पुढे आयुष्यभर पाळलं.

तो आला तेव्हाचा जपान

नाकाताचा जन्म 22 जानेवारी 1977 चा, यामानाशी प्रांतातल्या कोफू शहरातला. फुजी पर्वताच्या पायथ्याचा हा प्रांत द्राक्षांसाठी आणि पीचसाठी प्रसिद्ध आहे. निरासाकी हायस्कूलमधून तो पुढे आला आणि 1995 मध्ये बेलमारे हिरात्सुका या क्लबात व्यावसायिक खेळाडू म्हणून दाखल झाला.

त्या काळाची पार्श्वभूमी नीट पाहायला हवी, नाहीतर त्याच्याभोवती एवढं वलय का तयार झालं ते कळत नाही. जपानची व्यावसायिक जे लीग मे 1993 मध्ये सुरू झाली. त्याआधी तिथे कंपन्यांचे संघ खेळत. कारखान्यात नोकरी आणि संध्याकाळी सराव, असा तो प्रकार होता. लीग सुरू झाली, रंगीत जर्सी आल्या, मैदानं भरली. आणि त्याच वर्षी 28 ऑक्टोबरला कतारमधल्या दोहामध्ये जपानचा संघ विश्वचषकाच्या उंबरठ्यावर येऊन पडला. इराकविरुद्ध 2-1 अशी आघाडी होती. भरपाईच्या वेळेत इराकने बरोबरी केली आणि 1994 च्या अमेरिकेतल्या विश्वचषकाचं दार बंद झालं. जपानी लोक आजही त्या रात्रीला ‘दोहाची शोकांतिका’ म्हणतात.

त्या पिढीचा नायक काझुयोशी मिउरा, म्हणजे लोकांचा ‘किंग काझू’. तो 1994-95 च्या मोसमात इटलीत जेनोआकडून खेळला. सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये, खेळणारा पहिला जपानी. 21 सामने, एक गोल. तो गोल त्याच शहरातल्या साम्पदोरिया क्लबाविरुद्धच्या लढतीत झाला, पण एकच. युरोपात तेव्हा उघडपणे बोललं जायचं की जपानी खेळाडू घ्यायचा तो प्रायोजक आणि दूरचित्रवाणीचे पैसे सोबत येतात म्हणून. ही बोच जपानी चाहत्यांच्या मनात खोल बसली होती.

नाकाताची पहिली मोठी चमक 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये दिसली. मायामीत जपानने ब्राझीलला 1-0 असं हरवलं. गोल तेरुयोशी इतोचा होता, पण त्या संघात एकोणीस वर्षांचा नाकाताही होता. पुढच्या वर्षी आलेल्या सामन्याने मात्र तो घराघरात पोहोचला.

16 नोव्हेंबर 1997, मलेशियातलं जोहोर बाहरू. समोर इराण. जो जिंकेल तो थेट 1998 च्या विश्वचषकाला जाणार. त्या पात्रता फेरीत जपानने मध्येच प्रशिक्षक बदलला होता आणि साहाय्यक असलेल्या ताकेशी ओकादा यांच्या हाती संघ दिला होता. सामना 2-2 वर जादा वेळेत गेला. तेव्हा ‘गोल्डन गोल’चा नियम होता, पहिला गोल झाला की सामना तिथेच संपायचा. 118 व्या मिनिटाला नाकाताने लांबून फटका मारला, इराणच्या गोलरक्षकाच्या हातून चेंडू सुटला आणि घसरत आलेल्या मासायुकी ओकानोने तो जाळ्यात ढकलला. जपान पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरला. त्या सामन्यातल्या तिन्ही गोलांची सुरुवात नाकाताच्या पायातून झाली होती, आणि त्याच्या स्वतःच्या नावावर एकही गोल नव्हता. त्याच्या लोकप्रियतेच्या मुळाशी ही गोष्ट आहे असं मला वाटतं. लोकांनी त्याला आधी ओळखलं ते दुसऱ्याला गोल करून देणारा म्हणून. 1997 आणि 1998 अशी सलग दोन वर्षं तो आशियातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पेरुजातली पहिली दुपार

1998 चा फ्रान्समधला विश्वचषक जपानला कडू गेला. अर्जेंटिनाकडून 0-1, क्रोएशियाकडून 0-1, जमैकाकडून 1-2. ओकादांनी ऐन वेळी मिउराला संघातून वगळलं होतं, त्यावरून देशात वाद पेटलेला होता. संघ परतला तेव्हा नारिता विमानतळावर आघाडीपटू शोजी जो याच्या अंगावर कुणीतरी पाणी फेकलं. चाहत्यांचं प्रेम आणि राग यांत किती थोडं अंतर असतं ते त्या प्रसंगात दिसतं. बावीस जणांच्या त्या संघातला प्रत्येक खेळाडू जपानमधल्याच क्लबात खेळणारा होता. केस सोनेरी रंगवलेला नाकाता त्या स्पर्धेत उठून दिसला आणि लगेच इटलीतल्या पेरुजाने त्याला घेतलं.

पेरुजा हे उंब्रिया प्रांतातलं डोंगरावरचं विद्यापीठाचं गाव. चॉकलेटसाठी आणि परदेशी विद्यार्थ्यांना इटालियन शिकवणाऱ्या विद्यापीठासाठी ओळखलं जाणारं. क्लब नुकताच दुसऱ्या श्रेणीतून वर आलेला. मालक लुचानो गाउची, मोठ्या आवाजात बोलणारा आणि प्रसिद्धीची नस ओळखणारा माणूस. त्यांनी जपानी बाजारासाठी एक पोरगं उचललं, असंच बहुतेकांना वाटलं.

13 सप्टेंबर 1998 रोजी पेरुजाचा पहिला सामना गतविजेत्या युव्हेंटसशी झाला. पेरुजा 3-4 ने हरला. त्या तीनपैकी दोन गोल नाकाताचे होते.

मिउराच्या वेळेपासून साचलेली ती बोच एका दुपारीत निवळली. गावच्या खेळाडूने बाहेर जाऊन नाव काढलं की गावाला किती बरं वाटतं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. इथे तर अख्खा देश ते गाव होता. त्या मोसमात नाकाताने लीगमध्ये 10 गोल केले आणि पेरुजा पहिल्या श्रेणीत टिकला. जपानी पर्यटकांच्या इटली सहलीत रोम, फिरेन्झे आणि व्हेनिसच्या बरोबरीने पेरुजाही येऊ लागलं. सात क्रमांकाची जर्सी घेऊन परतणाऱ्यांची रीघ लागली. गाउचींचा व्यापारी अंदाज खरा ठरला, पण तो खरा ठरला कारण खेळाडू अस्सल होता.

आणखी एक बारीक गोष्ट. नाकाता इटालियन शिकला आणि थोड्याच काळात पत्रकारांशी त्याच भाषेत बोलू लागला. परदेशात राहणाऱ्या कुणालाही विचारा, दुभाषा बाजूला झाला की शेजारी वेगळ्या नजरेने बघतात. इटलीत त्याला मिळालेल्या आपलेपणात गोलांइतकाच या भाषेचा वाटा आहे. 2005 मध्ये इटलीने त्याला सरकारी सन्मानही दिला.

स्वतःचं पान

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येतो.

1998 च्या सुरुवातीला एका वृत्तपत्रात राष्ट्रगीताबद्दलचं विधान नाकाताच्या नावावर छापून आलं. त्यावरून कडव्या राष्ट्रवादी मंडळींनी त्याला धमक्या दिल्या. एकवीस वर्षांचा मुलगा, नुकता देशाचा लाडका झालेला, आणि घराबाहेर पडताना इकडेतिकडे बघावं लागतंय. तेव्हापासून त्याने पत्रकारांशी जवळजवळ बोलणं सोडलं. प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर, नाहीतर तेही नाही. विमानतळावर कानात गाणी, डोळ्यांवर काळा चष्मा, चाल सरळ.

त्याच वर्षी त्याने ‘नाकाता डॉट नेट’ हे संकेतस्थळ सुरू केलं. 1998 म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट चालायचं तो काळ. खेळाडूंनी स्वतःचं पान चालवणं तेव्हा जगात कुठेही रुळलेलं नव्हतं. तिथे तो पत्र लिहावं तसं लिहायचा. सामन्यानंतर काय वाटलं, कुठे जेवलो, काय वाचतोय. वर्तमानपत्रांना जे मिळत नव्हतं ते चाहत्यांना थेट मिळत होतं. आज प्रत्येक खेळाडू हातातल्या फोनवरून असं करतो, म्हणून त्यातलं नवेपण आपल्याला जाणवत नाही.

याचा परिणाम दुहेरी झाला. एकीकडे पत्रकार त्याला तुसडा म्हणू लागले. दुसरीकडे वाचकांना वाटू लागलं की हा आपल्याशी बोलतो, त्यांच्याशी नाही. कमी बोलणाऱ्याच्या शब्दाला वजन येतं, आणि ते शब्द मध्ये कुणी न बदलता पोहोचले तर त्यातून विश्वास तयार होतो. या विश्वासाचं पुढे काय झालं ते 2006 च्या पत्रात दिसतं.

पडद्यामागे ‘सनी साइड अप’ ही जनसंपर्क कंपनी त्याचं काम पाहत होती, हे नमूद करायला हवं. त्याची प्रतिमा आपोआप घडली असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. जाहिराती होत्या, मिलानच्या फॅशन शोमध्ये पहिल्या रांगेतल्या खुर्च्या होत्या, कपड्यांची निवड विचारपूर्वक होती. पण जनसंपर्क कंपन्या पुष्कळ असतात आणि त्यांचे ग्राहकही पुष्कळ. माणसाकडे मुळात काही नसेल तर त्यांची मेहनत दोन-तीन वर्षांत विरून जाते.

त्याच संकेतस्थळाची अजून एक गोष्ट सांगण्यासारखी. 1999 मध्ये मुख्य कंपनीने अंग काढून घेतल्यावर त्याचा जुना क्लब बेलमारे आर्थिक अडचणीत आला. पुढे त्याचं नाव शोनान बेलमारे झालं. त्या पडत्या काळात क्लबाच्या प्रायोजकांत ‘नाकाता डॉट नेट’ हे नाव होतं.

तुरीनमधली ती तीस मिनिटं

जानेवारी 2000 मध्ये तो रोमाकडे गेला. तिथे त्याच्या जागेवर फ्रान्चेस्को तोत्ती होता. रोममध्ये तोत्तीच्या पुढे कुणाचं काही चालत नाही हे लहान पोरालाही माहीत. त्यातून युरोपीय संघाबाहेरचे तीनच खेळाडू खेळवता येतील असा नियम. रोमाकडे तसे खेळाडू भरपूर, त्यामुळे नाकाताला कधी बाकावर तर कधी प्रेक्षागृहात बसावं लागे.

मे 2001 च्या सुरुवातीला तो नियम शिथिल झाला. आणि 6 मे रोजी तुरीनमध्ये विजेतेपदाच्या शर्यतीतला निर्णायक सामना आला. युव्हेंटस दुसऱ्या क्रमांकावर, रोमा पहिल्या. पहिल्या सहा मिनिटांतच देल पिएरो आणि झिदान यांनी गोल केले. 2-0. तासाभराने प्रशिक्षक फाबिओ कापेल्लो यांनी तोत्तीला बाहेर बोलावलं आणि नाकाताला आत पाठवलं. कर्णधाराला, रोमच्या लाडक्याला, अशा सामन्यात काढणं म्हणजे केवढी जोखीम.

79 व्या मिनिटाला नाकाताने मधल्या पट्ट्यात चेंडू हिसकावला, थोडं पुढे आला आणि खूप लांबून गोलच्या कोपऱ्यात फटका मारला. 2-1. भरपाईच्या वेळेत त्याने पुन्हा लांबून मारलं. गोलरक्षक व्हान डर सारच्या हातून चेंडू सुटला आणि मोन्तेल्लाने तो आत ढकलला. 2-2. जोहोर बाहरूची हुबेहूब आठवण: नाकाताचा फटका, सुटलेला चेंडू, आणि दुसऱ्याचा गोल. त्या एका गुणाने रोमाची आघाडी शाबूत राहिली. 17 जून रोजी पार्माला 3-1 हरवून रोमाने विजेतेपद मिळवलं, क्लबाच्या इतिहासातलं तिसरं. तुरीनमधली ती तीस मिनिटं रोमाच्या चाहत्यांना आजही पाठ आहेत.

लगेच पार्माने त्याच्यासाठी 55 अब्ज लिरा मोजले. आशियाई खेळाडूसाठीची ही विक्रमी रक्कम 2015 मध्ये दक्षिण कोरियाचा सन ह्युंग-मिन इंग्लंडमधल्या टॉटेनहॅमला जाईपर्यंत टिकून होती. पार्मासोबत त्याने 2002 चा इटालियन कप जिंकला. त्यानंतरची वर्षं उतरणीची: बोलोन्या, फिओरेन्तिना, शेवटी इंग्लंडमध्ये बोल्टन. दुखापती आणि मनाविरुद्धची जागा यांत ती गेली, त्यावर जास्त रेंगाळण्यासारखं काही नाही.

2002 चा विश्वचषक जपान-कोरियात होता, त्यामुळे आपल्याकडे सामने भर दुपारी लागायचे. 14 जूनला ओसाकामध्ये जपान विरुद्ध ट्युनिशिया, आपल्याकडचे दुपारचे बारा. उजवीकडून आलेल्या चेंडूवर नाकाताने डोकं लावून दुसरा गोल केला आणि जपान गटात पहिला आला. पुढच्या फेरीत तुर्कस्तानने 1-0 ने बाहेर काढलं. पण यजमान देशाने ती स्पर्धा त्याचा चेहरा पुढे ठेवून साजरी केली होती. 2004 मध्ये पेलेंनी निवडलेल्या महान खेळाडूंच्या यादीत जपानचा एकच खेळाडू होता, नाकाता.

संघातला एकटा

इथपर्यंत वाचून तो सगळ्यांचा लाडका होता असं वाटेल. तसं नव्हतं, आणि प्रकरण अभ्यासात हे झाकणं अप्रामाणिक होईल.

जपानी समाजात वडीलधाऱ्यांच्या नावापुढे ‘सान’ लावण्याची रीत पक्की आहे, आपल्याकडच्या अहो-जाहोपेक्षाही पक्की. नाकाता मैदानावर वरिष्ठांना नुसत्या नावाने हाक मारायचा. चेंडू यायच्या आधी आदरार्थी शब्द उच्चारायला वेळ कुठे असतो, हा त्यामागचा व्यवहार. काहींना ते पटलं, काहींना खुपलं. 1996 च्या ऑलिम्पिकमध्ये प्रशिक्षक अकिरा निशिनो यांच्याशी त्याचा खटका उडाला. 2001 मध्ये कॉन्फेडरेशन्स कप या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत जपान पोहोचला असताना तो उपांत्य सामन्यानंतर रोमाकडे परतला, त्यावरही नाराजी झाली. 2006 च्या संघात तो एकटा पडला होता. सहकाऱ्यांकडून त्याची अपेक्षा मोठी, ती तो तोंडावर सांगायचा, आणि तरुण खेळाडूंना ते जड जायचं.

म्हणजे लोकांमध्ये प्रेम, ड्रेसिंग रूममध्ये अंतर. मला यात विसंगती वाटत नाही. जे चाहते त्याला टीव्हीवर आणि संकेतस्थळावर भेटत होते त्यांना त्याचा कडकपणा प्रामाणिकपणासारखा दिसत होता. रोज सोबत सराव करणाऱ्याला तोच कडकपणा सोसावा लागत होता. दोघांचंही खरं होतं.

डॉर्टमुंड, मग पत्र

2006 चा जर्मनीतला विश्वचषक. पहिल्या सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल खाऊन 1-3 असा पराभव. क्रोएशियाशी 0-0. 22 जूनला डॉर्टमुंडमध्ये ब्राझीलविरुद्ध केइजी तामादाने आधी गोल केला, पण शेवट 1-4. शिट्टी वाजली, खेळाडू आत गेले, आणि नाकाता मधल्या वर्तुळात पाठीवर आडवा झाला. दहा मिनिटं तो तसाच पडून होता. कर्णधार त्सुनेयासु मियामोतो त्याच्याजवळ येऊन गेला. डोळ्यांवर चष्मा, चेहऱ्यावर काही नाही, अशी ज्याची आठ वर्षांची ओळख, तो माणूस सगळ्या जगासमोर रडत होता.

अकरा दिवसांनी पत्र आलं. त्याचा मथळा साधारण असा: आयुष्य म्हणजे प्रवास आणि प्रवास म्हणजे आयुष्य. आठ वर्षांचा असताना हिवाळ्यात यामानाशीतल्या एका प्राथमिक शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात हा प्रवास सुरू झाला, असं त्याने लिहिलं होतं. या विश्वचषकानंतर थांबायचं हे अर्ध्या वर्षापूर्वीच ठरलं होतं, हेही. 77 आंतरराष्ट्रीय सामने, 11 गोल, आणि पुढे काही नाही.

डॉर्टमुंडचं ते दृश्य आणि हे पत्र एकत्र वाचल्यावर लोकांना आधीच्या सगळ्या वर्षांचा अर्थ नव्याने लागला. गर्विष्ठ म्हणून ज्याला नावं ठेवली तो आतून इतका गुंतलेला होता तर. बातमी कुठल्याही वृत्तपत्राआधी त्याच्या स्वतःच्या पानावर आली, हे 1998 मध्ये ठरवलेल्या वाटेचंच टोक होतं. मध्ये कुणी नव्हतं, म्हणून शब्दांवर कुणाला शंका घेता आली नाही.

त्यानंतरची नजर

मग तो खरंच प्रवासाला निघाला. सुमारे तीन वर्षं जगभर हिंडला. जिथे जाईल तिथे लोक त्याला जपानबद्दल विचारत आणि आपल्याला आपला देश नीट माहीत नाही हे त्याच्या लक्षात येई, असं तो सांगतो. 2009 पासून त्याने जपानचे सगळे 47 प्रांत पालथे घालायला सुरुवात केली. मातीची भांडी करणारे, हाताने कागद बनवणारे, लाखकाम करणारे, चहा पिकवणारे, भातशेतकरी. आणि साके गाळणाऱ्या भट्ट्या. त्या त्याने शेकडो पाहिल्या.

साके म्हणजे तांदूळ, पाणी आणि ‘कोजी’ नावाची बुरशी यांपासून बनणारं जपानचं पारंपरिक मद्य. देशातला त्याचा खप 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शिखरावर होता. नंतर लोक बियरकडे, वाइनकडे वळले आणि खप सतत घसरत आता तेव्हाच्या एक तृतीयांशाच्याही खाली आला आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या भट्ट्या एकामागून एक बंद पडत गेल्या. नाकाताच्या ध्यानात एक साधी अडचण आली: बाटलीवरची लेबलं जपानी लिपीत, परदेशी माणसाला नावही वाचता येत नाही, मग आवडलेली बाटली तो दुसऱ्यांदा मागणार कशी? 2015 मध्ये त्याने ‘जपान क्राफ्ट साके कंपनी’ काढली. लेबलाचा फोटो काढला की माहिती देणारं ‘साकेनॉमी’ हे अ‍ॅप आणलं. 2016 पासून टोकियोतल्या रोप्पोंगी हिल्समध्ये ‘क्राफ्ट साके वीक’ भरवायला सुरुवात केली. तिथे रोज वेगवेगळ्या भट्ट्या आपली साके घेऊन येतात.

या प्रकरणातला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याच्याकडे उरलेलं भांडवल म्हणजे लोकांचं लक्ष. ते स्वतःवर खर्च करता आलं असतं. त्याने ते ज्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं अशा कारागिरांकडे वळवलं. नाकाता आला म्हणून भट्टीत कॅमेरा आला, आणि कॅमेरा आला म्हणून त्या आडगावच्या भट्टीवाल्याचं नाव टोकियोत पोहोचलं. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने कोजी वापरून साके बनवण्याच्या पारंपरिक कलेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. त्याचं श्रेय कारागिरांचं. पण तिथवरच्या काळात या कलेला तरुण गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्यांत नाकाता होता.

शेजारी ठेवून पाहण्यासारखं उदाहरण मिउराचं. फेब्रुवारी 1967 मध्ये जन्मलेला किंग काझू वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीही व्यावसायिक खेळाडू होता. त्याच्यावर जपानचं जे प्रेम आहे ते न थांबण्याबद्दलचं आहे. नाकातावरचं प्रेम वेळेवर थांबण्याबद्दलचं. एकच देश, एकच खेळ, दोन टोकाचे मार्ग, आणि लोकांनी दोघांनाही जपलं. म्हणून ‘लवकर निवृत्त व्हा, लोकप्रिय राहाल’ असा नियम या प्रकरणातून काढता येत नाही. दोघांत समान आहे ते एवढंच की आपलं जगणं कसं असावं हे त्यांनी स्वतः ठरवलं आणि लोकांना ते दिसलं.

फुटबॉलच्या मैदानावर त्याचं काय उरलं, हेही बघायला हवं. 2022 च्या कतारमधल्या विश्वचषकात जपानच्या 26 जणांपैकी 19 खेळाडू युरोपातल्या क्लबांचे होते. त्या संघाने जर्मनीला आणि स्पेनला हरवलं. त्यांच्यातल्या कुणालाही जर्सी विकण्यासाठी घेतलंय असं आता कुणी म्हणत नाही. मायदेशी खेळणाऱ्या उरलेल्या सातांपैकी एक, शुतो माचिनो, शोनान बेलमारेचा होता.

एक खंत मात्र माझ्या मनातून जात नाही. 2010 मध्ये दक्षिण आफ्रिकेत जपान दुसऱ्या फेरीत पोहोचला आणि पॅराग्वेशी शून्य-शून्य बरोबरीनंतर पेनल्टींवर हरला. नाकाता तेव्हा 33 वर्षांचा होता. मधल्या फळीत खेळणाऱ्यासाठी ते वय फार नसतं. आणि बाजूला प्रशिक्षक म्हणून उभे होते ताकेशी ओकादा, जोहोर बाहरूच्या रात्री वीस वर्षांच्या त्या मुलाच्या हाती सामना सोपवणारे.